लवंगीची पुढची सीट

आमच्या नातीला घरीदारी सगळे लवंगी म्हणतात. नाव कोणी ठेवलं नाही, ते तिने कमावलं. पाळण्यात असताना दूध यायला उशीर झाला की बाकीची मुलं रडतात. ही आधी डोळे वटारून एकेकाच्या तोंडाकडे बघायची, चूक कोणाची ते ठरवायची आणि मग नेमकी त्याच्याकडे वळून बोंब ठोकायची. उंचीच्या बाबतीत तिला देताना हात आखडता घेतला गेला, पण रागाचं माप मात्र शिगोशीग भरून दिलं.

शाळेत गेली तेव्हा बाकावर बसली की पाय लोंबायचे. लोंबणारे पाय हलणारच. पण मास्तर ‘पाय हलवू नकोस’ म्हणून तिला रोज उभी करायचे. एके सकाळी ही दप्तरात वीट घालून गेली आणि पायाखाली ठेवली. मास्तरांनी वीट खिडकीतून फेकली. दुसऱ्या दिवशी दुसरी वीट. न्हाणीघर बांधायला आणलेल्या आमच्या विटा अशा एकेक करून शाळेच्या आवारात जाऊन पडल्या. शेवटी मला बोलावणं आलं.

मास्तर म्हणाले, “तुमची नात हट्टी आहे.”

मी म्हटलं, “हट्टी आहे खरी. पण बाक उंच आहे, हे बघितलंत का?”

“बाक ठरलेल्या मापाचा आहे.”

“आणि पोरगी?”

मास्तरांनी त्यावर फळा पुसायला घेतला. न्हाणीघर आम्ही पुढे नव्या विटा आणून बांधलं. अशा गोष्टी तिच्याबद्दल मी दिवसभर सांगू शकतो, पण आज सांगायची आहे ती मोटारसायकलच्या सीटची.

लवंगी फ्रीज दुरुस्त करते. घरातले नव्हेत, दवाखान्यातले. ज्यात लहान मुलांच्या लसी ठेवतात ते. हे काम जणू तिच्यासाठीच केलंय, कारण फ्रीजचा सगळा बिघाड खाली असतो. कॉम्प्रेसर मागे, तळाशी. ताडमाड माणसं तिथे आधी गुडघे टेकतात, मग कुशीवर पडतात, मग ‘अहो, जरा बॅटरी धरता का’ म्हणून कण्हतात. ही नुसती बसते आणि कामाला लागते. तरी कंपनीने तिला वर्कशॉपच्या फोनपाशी बसवलं होतं. बाहेरगावच्या दवाखान्यांची फेरी एका लांबलचक गड्याकडे होती. त्याला सगळे जिराफ म्हणायचे. फेरीला अवजारांची जड पेटी आणि गॅसची टाकी न्यावी लागते, रस्ते दगडधोंड्यांचे, त्यामुळे कंपनीची मोटारसायकल चांगली थोराड होती आणि जिराफाला ती शोभून दिसायची.

एकदा लांबच्या एका दवाखान्यातून फोन आला, फ्रीज बंद पडलाय. लवंगीने निरोप जिराफाला दिला. संध्याकाळी परत फोन, कोणी आलं नाही. जिराफ म्हणाला, पंक्चर झालं होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, पाठ धरली. तिसऱ्या फोनवर तिथल्या नर्सबाई रागावल्यासुद्धा नाहीत. एवढंच म्हणाल्या, “सगळ्या लसी फेकाव्या लागल्या. आता उद्या पोरं घेऊन येणाऱ्या आयांना मी काय सांगू, तेवढं तुम्ही सांगा.”

लवंगीने फोन ठेवला आणि तडक सुपरवायझरच्या खोलीत गेली. “बाहेरची फेरी मला द्या.”

सुपरवायझरने तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. त्याला काही फार वेळ लागला नाही. “मॅडम, काम तुम्हाला येतं, वादच नाही. पण गाडीवरून पाय जमिनीला लागतात का?”

“बघू या.”

बघितलं, तर पायांचे फक्त अंगठे लागत होते. वर्कशॉप तळघरात आहे. बाहेर रस्त्यावर यायला लांब उतार आहे, त्याला तिकडे रॅम्प म्हणतात. त्या रॅम्पवर मध्येच थांबायची वेळ आली, अंगठा सटकला आणि गाडी पेटीसकट आडवी झाली. पेटीतले पाने, पकडी रॅम्पवरून खणखणत खाली गेले. सगळं वर्कशॉप हसलं. जिराफ तर भिंतीला टेकून हसला. सुपरवायझर म्हणाला, “गाडी घरी न्या, हवी तशी सीट करून घ्या. शुक्रवारी सकाळी पेटी बांधून इथेच, चढावर थांबून दाखवायचं. गाडी पडली तर हा विषय कायमचा बंद. मग तुम्ही आणि तुमचा फोन.”

ती घरी आली ती गाडी ढकलत. दारातूनच मला म्हणाली, “आबा, आज माझ्याशी कोणी बोलू नका.” आणि जेवण होईपर्यंत एकटीच बोलत होती.

आता आमचे नातजावई. छापखान्यात पुस्तकं बांधतात. इतका सरळ माणूस, की रस्त्यात मांजर आडवं आलं तर तेच मांजराला वाट देतात. लवंगीला सुट्टी नव्हती, म्हणून गाडी सीटवाल्याकडे पोचवायचं काम त्यांच्यावर आलं. गाडी त्यांना चालवता येत नाही, त्यांनी ती ढकलत नेली. दुकानदाराला नीट सांगितलं, “बायकोसाठी सीट करायची आहे. तिचे पाय पोचत नाहीत. गुरुवारी हवी.”

सीटवाला म्हणाला, “निर्धास्त राहा साहेब. बायकांच्या सीटा मी जन्मभर केल्यात.”

गुरुवारी दुपारी लवंगी अर्धी रजा टाकून आली. आम्ही तिघं गाडी आणायला गेलो. दुकान म्हणजे एक अरुंद बोळकांडं. फोमचे ठोकळे छतापर्यंत रचलेले, रेक्झिनच्या गुंडाळ्या कोपऱ्यात उभ्या, दाराशी शिवणयंत्र, खुंट्यांना उलट्या टांगलेल्या सीटा आणि डोकं धरेल असा चिकटवायच्या गोंदाचा वास. सीटवाला जाडजूड, चष्मा कपाळावर, तोंडात टाचण्या. आम्हाला बघून त्याने टाचण्या काढल्या आणि मोठ्या थाटात गाडीवरची चादर ओढली.

मी बघितलं आणि मनात म्हटलं, झालं!

सीटची पुढची बाजू मूळच्याहून उंच, चांगली उशीसारखी फुगलेली. मागची बाजू मात्र खोल, रुंद, मऊ. शेजारी धरायला चकचकीत दांडा आणि डाव्या अंगाला दोन्ही पाय एकत्र ठेवायला सपाट पट्टी.

“हे काय आहे?” लवंगी अगदी हळू म्हणाली. ती हळू बोलली की आम्ही घरातले लोक दार कुठे आहे ते बघून ठेवतो.

“तुमची सीट, ताई. चढायला उतरायला आता काही त्रास नाही. इथे धरायचं, इथे पाय. साहेबांनी कितीही जोरात घेतली तरी तुम्ही हलणार नाही.”

“कोणत्या साहेबांनी?”

सीटवाल्याने नातजावयांकडे बोट दाखवलं. नातजावई माझ्या मागे सरकले.

“यांना सायकल येत नाही!”

“मग गाडी कोण चालवतं? हे आजोबा?”

“मी चालवते! मी!”

सीटवाल्याने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. गाडीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, परत गाडीकडे बघितलं. “पण हे तसं बोलले नाहीत.”

“मी म्हटलं होतं, बायकोचे पाय पोचत नाहीत,” नातजावई माझ्या खांद्याआडून म्हणाले.

“तेच म्हणतो ना मी! बायको बसते कुठे? मागे. म्हणून मागची बाजू उतरवली. पुढे तुमची उंची बघून थोडं भरलं. ते फुकट भरलंय, त्याचं काही लावलं नाही.”

“काय उपकार केलेत!” लवंगी कडाडली. “माझे पाय पोचत नाहीत म्हणून माझी जागा आणखी उंच केलीत! मागे बसणाऱ्या बाईचे पाय कशाला पोचायला हवेत हो जमिनीला? गाडी चालू असताना मी काय पाय घासत जाणार होते? एवढा तरी विचार?”

“ताई, आवाज चढवू नका. माझं दुकान रस्त्यावर आहे.”

“आणि माझी नोकरी रस्त्यावर यायची वेळ आलीय! उद्या सकाळी परीक्षा आहे माझी. पुढचा फोम उतरवा. आत्ता.”

“आत्ता नाही जमायचं. शिवून झालंय, चिकटवून झालंय. आणि पुढची सीट म्हणजे बसवून माप घ्यावं लागतं. गडीमाणूस असला तर मी मांडीलगत खडूने रेघ मारतो. तुमचं माप मी कसं घेणार? तुम्हीच सांगा.”

मला वाटलं, ही आता त्याच्या टाचण्यांचा डबा त्याच्या डोक्यावर उलटा करणार. तिने नुसता हात पुढे केला. “खडू द्या.”

“काय?”

“खडू! तुमचा हात चालत नाही ना? माझा चालतो.”

तो हलायच्या आत तिने स्वतःच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून कव्हरच्या पिना फटाफटा उचकटल्या. नवंकोरं रेक्झिन सोलून बाजूला फेकलं. सीटवाल्याच्या तोंडून, अंगावरची कातडी सोलावी तसा आवाज निघाला. मग ती उघड्या फोमवर टांग टाकून बसली. शेजारच्या सलूनमधून एक गिऱ्हाईक अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून बघायला बाहेर आलं.

“काय बघताय?” ती त्याच्यावर खेकसली. “अर्धी राहिलीय, ती करून घ्या आधी!”

गिऱ्हाईक आत गेलं. तिने दोन्ही मांड्यांलगत खडूने स्वतःच रेघा ओढल्या, उतरली आणि म्हणाली, “इथून कापा.”

सीटवाला तिच्या रेघांकडे बघत राहिला. चेहरा लाल झाला होता, पण कामातला माणूस होता. लांब सुरी पाण्यात बुडवली आणि फोमच्या कापट्या काढायला लागला. तोंडाचा पट्टा चालूच. “जन्मात असं गिऱ्हाईक बघितलं नाही. माझं काम मलाच शिकवतात. घरात कसं होत असेल देव जाणे.”

“उत्तम होतं,” नातजावई म्हणाले. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

ती परत बसली. आता चवडे लागले, टाचा अधांतरी. आणखी कापलं. टाचा तरीही अधांतरी. सीटवाल्याने सुरी खाली ठेवली. “ताई, आता खाली पत्रा आहे. याहून जास्त कापलं तर पत्र्यावर बसाल. त्या रस्त्यांवर एका दिवसात उठता-बसता येणार नाही. माझ्याकडून इथे संपलं.”

नातजावयांनी सुचवलं, “जाड तळव्याचे बूट घातले तर?”

लवंगीने त्यांच्याकडे बघितलं. मी म्हटलं, “जावईबापू, तुम्ही चहा सांगून या.”

ती गाडीवरच बसून होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते रागाचं. रडण्याचं पाणी मला ओळखू येतं. “म्हणजे परत तो फोन,” ती म्हणाली. “परत त्या बाईंना सांगायचं, येतोय माणूस, येतोय, येतोय!” आणि शेवटच्या ‘येतोय’ला तिने डावा पाय असा काही आपटला की फोमवरून ती डावीकडे घसरली. टाच फरशीवर पक्की बसली.

सीटवाल्याने मान तिरकी करून खाली बघितलं. “परत आपटा.”

“काय?”

“पाय आपटा परत. तसाच, रागाने.”

रागाचा तुटवडा नव्हताच. तिने आपटला. टाच पुन्हा टेकली. गाडी जराशी डावीकडे कलली आणि शांत उभी राहिली.

“एकच टेकतोय पण,” सीटवाला म्हणाला.

तिला आता एकदम वाचा फुटली. “एकच हवाय! उजवा पाय ब्रेकवर असतो, काका! चढावर तो उचलून खाली ठेवला तर गाडी मागे जाईल. मला डावाच हवा. इकडची कड कापा. ही, मांडीखालची. उजवीकडची राहू द्या.”

“म्हणजे एका बाजूला उतरती?”

“हो.”

“वाकडी सीट?” आता चिडायची पाळी त्याची होती. “माझ्या दुकानातून वाकडी सीट जाणार नाही! उद्या कोणी विचारलं, ही कोणत्या आंधळ्याने केली, तर?”

“सांगेन, मी केली म्हणून!”

“मग करा!” त्याने सुरी टेबलावर आपटली.

तिने उचलली. फोममध्ये खुपसली. सीटवाला तीन ताड उडाला. “अहो, ठेवा ती! फोम असा कापतात? बोट जाईल! सोडा, सोडा म्हणतो ना!” त्याने सुरी हिसकावली आणि दात-ओठ खात स्वतःच कापायला लागला. आणि काय कापलं महाराजा! डावी कड अशी गोल उतरवली की जणू फोमच तिच्या मापाचा वाढला असावा. कव्हर नव्याने बेतलं. शिवणयंत्र असं हाणत होता की शेजारच्या सलूनमधले आरसे थरथरले असतील. मागचा खड्डा भरू का, असं त्याने गुरगुरत विचारलं.

“नको. त्यात पेटी बसेल. खाली बसली तर डगमगणार नाही.”

एवढाच तिने त्याला दिलेला चांगला शब्द. तो दांडा आणि पट्टी मात्र तिथल्या तिथे काढायला लावली. निघताना सीटवाल्याने कव्हरवरचं दुकानाच्या नावाचं कापड ब्लेडने उसवून घेतलं. “हे राहू द्या माझ्याकडेच,” म्हणाला.

शुक्रवारी सकाळी नातजावई आणि मी रॅम्पवर, मध्याच्या जरा वर, भिंतीला चिकटून उभे. सुपरवायझर वर. त्याच्याशेजारी जिराफ, दातात काडी. लवंगी खालून पेटी आणि टाकी बांधून आली. मध्यावर थांबली. डावी टाच पक्की. क्लच सोडला, वर आली. मी टाळी वाजवायला हात उचलला.

“एकच पाय टेकला, मॅडम,” सुपरवायझर म्हणाला. “दोन्ही टेकले पाहिजेत.”

“असं कुठे ठरलं होतं? तुम्ही म्हणालात, थांबून दाखवा.”

“आता म्हणतोय. बरं, परत एकदा घ्या.”

ती परत खाली गेली, परत आली, थांबली, निघाली. “जरा खालच्या वळणावर थांबा,” तो म्हणाला. तिथे तेल सांडलेलं असतं. तिथेही थांबली, निघाली. “अजून एकदा. मध्यावर. खात्री केलेली बरी.” जिराफाने काडी या दातातून त्या दातात नेली.

ती चौथ्यांदा मध्यावर आली, थांबली आणि थांबूनच राहिली.

“हं, निघा आता,” सुपरवायझर म्हणाला.

“नाही.”

“काय?”

“खात्री करायचीय ना तुम्हाला? करून घ्या. पोटभर करा. या जिराफाला कितीदा थांबवून बघितलंत तुम्ही? त्याचे पाय पोचतात, तो पोचतो का कुठे? लसी नासल्या तेव्हा कोणाची परीक्षा घेतलीत? तुमची खात्री झाली की सांगा. तोवर मी हलत नाही.”

तेवढ्यात त्याच तळघरातल्या शीतगोदामातून बर्फाचा टेम्पो वर निघाला आणि तिच्या मागे येऊन थांबला. हॉर्न. त्याच्या मागे दुसरा टेम्पो. त्याचाही हॉर्न.

“ओ ताई! बंद पडली का?” ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

“नाही! परीक्षा चालू आहे!” तिने मान न वळवता उत्तर दिलं.

मला दिसत होतं, तिची डावी पोटरी थरथरत होती. मागे टेम्पो, जड पेटी, हातात क्लच. नातजावई न राहवून धावले आणि गाडीला हात घालणार, तोच ती ओरडली, “हात लावू नका! हात लावलात तर पडली म्हणतील!” ते बिचारे हात पुढे करून तसेच उभे. मग वळले आणि वर बघून एवढ्या मोठ्याने म्हणाले, की तळघर घुमलं, “साहेब! गाडी पडली का?”

सुपरवायझर मागच्या टेम्पोंकडे बघायला लागला.

“पडली का ते सांगा!”

“पडली नाही, पण...”

“अहो साहेब, पण-बिण मागून!” बर्फाचा ड्रायव्हर खाली उतरला होता. “माझा माल वितळतोय! पास करा नाहीतर बादल्या आणा!” मागच्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

सुपरवायझरने दोन्ही हात झटकले. “जा! घ्या फेरी! रस्ता सोडा आधी!”

“सुट्या भागांच्या कपाटाची किल्ली,” लवंगी म्हणाली. “जिराफाच्या खिशात आहे. त्याला खाली आणून द्यायला सांगा.”

जिराफाने दातातली काडी थुंकली. मग त्याला यावं लागलं, एवढ्या लोकांदेखत, उतारावरून पाय सांभाळत. तिने किल्ली खिशात टाकली, क्लच सोडला आणि आमच्यासमोरून वर निघून गेली. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“जेवायला येणार का?” नातजावयांनी विचारलं, पण तोवर तिथे नुसता धूर होता.

ती दिवस मावळताना आली. मला वाटलं, आज तरी हसत येईल. ताट वाढलं. तिने एक घास घेतला आणि तसाच हातात ठेवला.

“एक वायर, आबा,” ती म्हणाली. “त्या दवाखान्यातला फ्रीज. मागची एक वायर सुटली होती. स्क्रू आवळला आणि चालू झाला. नर्सबाई म्हणाल्या, एवढंच होतं? मी काय सांगू त्यांना?”

“पण झालं ना चालू?” नातजावई म्हणाले. “मग चांगलंच झालं की.”

“चांगलं?” तिने ताट असं सरकवलं की पेला लवंडला. “एका स्क्रूसाठी सगळ्या लसी फेकल्या, आणि चांगलं?”

मी जावयांना डोळ्याने खुणावलं, गप्प बसा. त्यांनी पेला उचलून सरळ ठेवला. ती उठली, हात धुतले आणि उद्याच्या फेरीसाठी गाडीची चेन आवळायला अंगणात गेली. कितीतरी वेळ बाहेरून पान्याचा खणखणाट येत होता. चेन काही इतकी सैल नव्हती.